रोज दाबून चोळलं

मंगळवार, सांजचं, छावणीत

आज पोरीला दवाखान्यात दाखवून आणलं. चार महिन्याची हाय. अंगावर फोड येतात अन् कातडीच निघती. आमाला वाटायचं, ह्या दुष्काळाच्या झळा हायत. कारखान्यानं घातलेल्या चारा छावणीत गुरं अन् आमी एकाच पत्र्याखाली. सासूबाई म्हणाल्या, "तेल लावून चोळ गं, अंग भरंल." मी रोज चोळलं. दाबून चोळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिची कातडी जन्मापासूनच नाजूक आहे. घासलं की सुटते. फार कमी लेकरांना होतं असं. शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी फोटो काढू का?" मी हो म्हणलं. मंग इचारलं, "बाई, तेल चोळलेलं चालतं का?"

त्यांनी फोटो काढून मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आता नका चोळू."

आता. म्हंजी आधी गेलेली कातडी माझ्याच हातानं गेली का? बरी हुईल का, ते इचारायचं धाडसच झालं न्हाई.

छावणीत परत आलो, पोरगी गोधडीवर रडायली. काखंत हात घालून उचलू नका, गोधडीसकट उचला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

सासूबाई वरडल्या, "अगं, बघत काय बसलीस? घे की तिला!"

मी हात पुढं केले, पोरगी माझ्याकडं बघून रडायची थांबली. अन् मीच हात मागं घेतले.