बाईंच्या तासाची चूक

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की इथे इस्राएलात, डिमोनात, तुमचा चेहरा आठवणारी माणसं आता फारशी उरली नाहीत. तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. आज दुपारी माझ्या नातीने हिब्रूत फाडकन तोंडावर सांगितलं, "आजी, चूक तुझी आहे," आणि लगेच माझ्याच ताटातली भाजी खायला बसली. मी रागावायचं विसरून तिच्याकडे बघतच राहिले. मग मला आपली ती मंगळवारची मीटिंग आठवली.

त्रेसष्टचा हिवाळा. आपली शाळा म्हणजे वाळूत उभ्या केलेल्या दोन बराकी. मुंबईला तुम्ही मला पहिलीत शिकवलंत, आणि इथे मी तुमच्याच शाळेत नवी मास्तरीण. मुलं तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारायची, आणि दर वेळी तुम्ही पदर सारखा करायचात. हेडमास्तर रुमानियाचे. त्यांचा नियम असा, की मंगळवारी मुलं घरी गेली की मास्तरांनी शिकायचं. एकाने दुसऱ्याच्या तासाला बसायचं आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या चुका सांगायच्या. मोरोक्कोची मास्तरीण आणि गणिताचे मास्तर असे भांडायचे, की आता हातघाईवर येतात असं वाटायचं, आणि पाच मिनिटांत दोघं एकाच किटलीतला चहा पीत बसायचे. आपण दोघी मात्र कुणाचाही तास असो, "सगळं छान" म्हणून मोकळ्या. हेडमास्तर चिडायचे. "छान काय छान? लग्नाला आलात का?"

आणि मग त्यांनी तुमच्या तासाला मलाच बसवलं. वर सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग तुमच्याकडे ठेवायचा की नाही, ते ह्या मीटिंगनंतर ठरेल. आदल्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलेय. मुंबईहून आणलेल्या पितळी स्टोव्हला तुम्ही जोरजोराने पंप मारताय.

"वर्ग गेला तर मी काय करू गो इथे? वाळू झाडत बसू?" मग माझ्याकडे वळून म्हणालात, "पण तू खरं बोल हां. माझी लाज राखायला गेलीस तर कान पिळीन."

तुमचा तास. सगळा वर्ग एका सुरात अक्षरं म्हणतोय, तुम्ही हाताने ठेका देताय, बाहेर वारा पत्र्यावर वाळू मारतोय तरी त्यावर मुलांचा आवाज. माझे पाय आपोआप ठेका धरायला लागले. पण खिडकीजवळचा एक नवा मुलगा नुसतेच ओठ हलवत होता. त्याला एक अक्षर येत नव्हतं, आणि त्या सुरात ते कुणाला कळणारही नव्हतं. मी दोन वाक्यं हिब्रूत जुळवली, पाठ केली. एक चुकलं त्याबद्दल, एक चांगलं त्याबद्दल. अवघड ते आधी बोलून टाकावं, असं ठरवलं.

मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं आणि मी उठून उभी राहिले. तिथे कुणीच उभं राहून बोलत नसे. गणिताचे मास्तर हसले. "सगळे एकदम म्हणतात, म्हणून ज्याला येत नाही तो लपतो," एवढं मी म्हणाले आणि दुसऱ्या वाक्यासाठी श्वास घेतला.

"बस खाली," तुम्ही मराठीत म्हणालात.

मी बसायला वाकले, तर तुम्हीच हात वर करून थांबवलंत आणि मोडक्या हिब्रूत हेडमास्तरांना म्हणालात, "चूक बघायची ना? ही बघा. मी शिकवलेली. मास्तरीण झाली, तरी माझ्यासमोर बसून बोलता येत नाही. मी बस म्हटलं की बसते. माझ्या हाताखाली मुलं अशीच होणार. वर्ग हिला द्या, ही अजून शिकेल."

कुणी चहा ओतेना. शेवटी तुम्हीच उठून किटली उचललीत.

चौसष्टात पहिलीचा वर्ग माझा झाला आणि तुम्ही शाळेच्या जेवणघरात टोमॅटो चिरायला लागलात. मी तिथे येऊन भांडले. "चारचौघांत मला चूक म्हणालात! मला पुढे बोलू तरी द्यायचंत!"

"आता ओरडतेस ते तेव्हा ओरडायचं होतंस," तुम्ही म्हणालात आणि टोमॅटोची बशी माझ्यापुढे सरकवलीत. मी एकही फोड खाल्ली नाही.

माझं दुसरं वाक्य असं होतं: माझ्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि ह्या बाईंनी असंच सुरात म्हणायला लावून मला वाचायला शिकवलं. ते ऐकून हेडमास्तरांनी वर्ग तुमच्याकडे ठेवला असता का, कोण जाणे. पण तुम्ही तरी ऐकलं असतंत.

हे पाठवणार कुठे? आज पुन्हा ती मीटिंग झाली, तर तुम्ही हजारदा बस म्हणालात तरी मी बसायची नाही, बोलून टाकीन, असं आत्ता ठसक्यात लिहिणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, बाई. बसेन.