वेगाचा काटा

श. ७ ऑक्टोबर १९८९
शनिवार, म्हणून सगळी इंजिनं फिरवली. हँडलची लॉरी तिसऱ्या फिरकीला सुरू. साइडकारची मोटारसायकल धूर ओकतेय, पिस्टनच्या रिंगा पाहाव्या लागतील. वाफेच्या रोलरपायी निम्मा दिवस गेला. नव्या ट्रस्टींनी आज विचारलंच, "नुसती पुसून ठेवली तर नाही का चालणार?" नाही चालणार! संग्रहालयाच्या पाटीवर लिहिलंय, इथलं प्रत्येक यंत्र चालू आहे. पाटी मी रंगवली आहे.

विमान शेवटी. त्यासाठी साहेब धुळ्याहून एस.टी.नं आले. वय सहासष्ट, पण चढताना हात दिला की रागावतात. कपाशीवर विमानातून फवारणी करायचो तेव्हापासून ते वर चालवायला आणि मी खाली दुरुस्तीला. पुढच्या रविवारी शाळांची पोरं येणार, तेव्हा दोन फेऱ्या मारायचं ठरलं. घरी वहिनींना सांगितलंय की नाही ते मी विचारलं नाही.

मं. १० ऑक्टो., दसरा
पूजा झाली. झेंडूच्या माळा सगळ्यांना, रोलरलासुद्धा. विमानाच्या वेगाच्या नळीला मान पहिला, कारण सगळ्यात पुढे तीच, वारा आधी तिला भेटतो. तोंडाशी ओलं कुंकू, त्यावर अक्षता. यंदा कुंकू जरा पातळ झालं, ओघळलं. सौ. घरी पुरण घालून वाट पाहत होती, म्हणून घाईत नळीला टोपडं चढवलं आणि निघालो.

साहेब धुळ्याचा दसरा सोडून आले होते. सोनं दिलं, पाया पडायला वाकलो तर मिठी मारली. तीस वर्षं झाली आम्हाला.

र. १५ ऑक्टो.
थोडक्यात लिहितो.

साहेब साडेनऊला वर गेले. दोन्ही फेऱ्या सुरेख. उतरताना मात्र फार जोरात आले. मी खालून ओरडतोय, वेग कमी करा, वेग कमी करा. जसं काही त्यांना ऐकू जाणार होतं. निम्म्याहून जास्त धावपट्टी संपल्यावर चाकं टेकली. पुढे कुंपण तोडून थेट कपाशीत, नाकावर उभं. मी कसा पळालो ते आठवत नाही. साहेब आपले आपण उतरले होते. कपाळाला खोक, बाकी धड. पुढचा लाकडी पंखा तुटला, डावं चाक मुडपलं.

पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं हा खेळातलाच भाग.

साहेब एवढंच म्हणाले, "काटा पंचेचाळीस दाखवत होता, सदा. एवढ्या कमी वेगात विमान पडेल म्हणून मी नाक खाली घातलं. पण पंचेचाळीस असेल कसा? मलाच नीट दिसलं नसणार."

सो. १६
ट्रस्टींना लेखी हवं होतं. साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: वैमानिकाला काटा नीट दिसला नाही, विमानात दोष नव्हता. खाली सही. मी म्हटलं, साहेब, घाई नको, आधी मला विमान उघडू द्या.
"तुझ्या हातचं विमान. त्यात काय पाहायचंय?"

बु. १८
नळी सोडवली. आत तांदूळ.

चार-पाच दाणे, वाळलेल्या कुंकवात घट्ट बसलेले. तार घालून काढावे लागले. आधी कळेचना तांदूळ इथे आले कुठून. मग कळलं आणि मी चाकाला टेकून खालीच बसलो. नळीत वारा पुरता शिरत नव्हता, म्हणून काटा खराच कमी दाखवत होता. साहेबांनी पाहिला तेवढाच होता तो.

रविवारच्या तपासणीच्या वहीत "नळी साफ" च्या पुढे माझी बरोबरची खूण आहे. टोपडं काढलं होतं, आत पाहिलं नव्हतं. स्वतःच्या हातानं घातलेलं टोपडं, मग आत काय असणार? इतरांना वहीवरून शिव्या घालणारा मी!

चूक माझी. साहेबांची नाही. इथे तरी लिहून ठेवतो.

गु. १९
सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "देवनीच त्यासले खाले उतारं. आते तुम्ही कसाले परत चढावतस?"
मी चिडलो. म्हटलं, अगं, मेले असते ते!
"मरनात का? नही ना."
जेवलो नाही. तिच्यावर रागावून उपयोग काय, माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

र. २२
धुळ्याला गेलो, सांगायचं ठरवूनच. साहेब झोपले होते. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. "सदाभाऊ, देवाची कृपाच म्हणायची. दहा वर्षं सांगतेय, आता पुरे. माझं कधी ऐकलं नाही, त्या काट्याचं ऐकलं. पुन्हा चढणार नाही म्हणालेत. तुम्ही त्यांना भरीस घालू नका, एवढं माझ्यासाठी करा."

करतो म्हणालो. साहेब उठायच्या आत निघालो. पळून आलो, असंच लिहायला हवं.

गु. २ नोव्हेंबर
दिवाळी झाली. फराळाचं ताट घेऊन जायची हिंमत झाली नाही. आज साहेबांचं कार्ड आलं. तेच टपोरं अक्षर, पण दोन ठिकाणी खोडलंय. "डोळे दाखवले. मोतीबिंदू अगदी कच्चा आहे. डॉक्टर म्हणतात, एवढा काटा दिसायला काहीच हरकत नव्हती. म्हणजे डोळे नाहीत, डोकं दगा देतंय. हे जास्त वाईट, सदा."

हे मी धरलंच नव्हतं. वाटलं होतं, साहेब जमिनीवर राहतील, पेपर वाचतील, मला शिव्या देतील.

श. ११ नोव्हें.
साहेब आले, वहिनींना सोबत घेऊन. एकट्यानं एस.टी.त बसत नाहीत आता. मी मुद्दाम लॉरीचं हँडल त्यांच्या हातात दिलं. हातात धरून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "आधी चोक ना रे?"

हे मला ज्यांनी शिकवलं, ते विचारताहेत. मी "हो साहेब" म्हणालो आणि पंप शोधायचं निमित्त करून मागच्या बाजूला गेलो. रडलो.

वहिनी मागोमाग आल्या. "गॅस बंद केला का, तीन-तीनदा विचारतात. स्कूटर विकायला काढलीय. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. उडू नका म्हणत होते मी, सदाभाऊ. हे असं नव्हतं हो मागितलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा मागवू का विचारलं. लाज वाटते.

श. १८
राखीव पंखा होता, तो बसवला. कुंपण पुन्हा घातलं. उद्या जाणार. सौ.ला सांगितलं, तिनं डबा कधी भरू एवढंच विचारलं.

र. १९ नोव्हें.
धुळे. साहेब ओट्यावर खुर्चीत बसले होते. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: कुंकू, तांदूळ, टोपडं, वहीतली खूण. महिनाभर गप्प राहिलो, तेही. वहिनींचं नाव घेतलं नाही.

मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे पंचेचाळीसच होता?"
"हो."
"मी बरोबर वाचलं होतं."
"बरोबर वाचलं होतं, साहेब."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. माफ केलं की नाही ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मग खुर्चीत सरळ बसले, कितीतरी दिवसांनी तसे बसले असतील. म्हणाले, "विमान कधी तयार होईल?"

आत वहिनींचा भांडी घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"दोन महिने तरी लागतील," मी म्हटलं.

खरं तर चाकाचं तेवढं राहिलंय. आठ दिवसांचं काम आहे.