आधी मामंजी, मग कढई

तोकमाकजवळून,
९ जानेवारी १९९६

ती. हावीझा आत्यास,
आयशेरचा सलाम व सा. न. वि. वि.

तू काराकोलहून पाठवलेल्या सुक्या मिरच्या पोचल्या. सासूबाईंनी पुडी हुंगली आणि तुमच्याकडच्या लोकांना मिरचीतलं कळतं एवढं कबूल केलं. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं.

आता खरं काम. लग्नासाठी मी डॉक्टरकीचं तिसरं वर्ष सोडलं होतं. फेब्रुवारीत पुन्हा हजर झाले नाही तर माझी जागा जाईल. रशीदची हरकत नाही, पण घरात नवऱ्याच्या हरकतीला विचारतो कोण. सासूबाईंनी अट घातली आहे. बिश्केकच्या बसमधून संध्याकाळी उतरून, मामंजी जेवायला येतील तेव्हा घरच्यांपुढे धड जेवण मांडून दाखव आणि मग खुशाल जा, असं म्हणाल्या.

त्या वेळात शेवया ओढत बसणं शक्य नाही. झटपट होणारं एकच: गोमांस आणि भाज्या मोठ्या आचेवर परतायच्या, बरोबर सकाळचे वाफवलेले पाव. मामंजींनाही ते आवडतं. काल करून पाहिलं, तर कढईत तळं झालं. मामंजींनी जेवणाच्या काड्यांनी गाजराचा एक तुकडा उचलला, त्याचं पाणी निथळू दिलं, आणि या घरात परतलेलं मांस मागितलं की रस्साच का मिळतो, असं विचारलं. विचारलं मला, पण बघत होते सासूबाईंकडे.

कॉलेजात मी मेंदूचे भाग पाठ केले, कढईचं मला काही येत नाही. लवकर लिही.

तुझी,
आयशेर

काराकोल,
१६ जानेवारी

चि. सौ. आयशेर हिस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. मेंदूचे भाग पाठ करणाऱ्या मुलीला मांस कापता येत नसेल तर तुझ्या रोग्यांची मला काळजी वाटते.

मांस बाहेरच्या पडवीत ठेवून अर्धवट गोठू दे, म्हणजे सुरी सरळ चालेल. धाग्याला आडवं काप. बटाट्याचं थोडं पीठ, थोडं व्हिनेगर आणि चमचाभर तेल चोळून बाजूला ठेव. भाज्या चिरण्याआधी फडक्याने कोरड्या कर. तुझी आई ओली ढोबळी मिरची कढईत टाकायची आणि दोष कढईला द्यायची. माझ्या भावाने ते जन्मभर मुकाट्याने खाल्लं, म्हणून तिला कधी कळलं नाही.

तेल धुरावलं पाहिजे. सगळं मांस एकदम ओतू नकोस, दोन घाणे कर आणि काढून ठेव. मग गाजर, कांदा, ढोबळी मिरची, आणि अगदी शेवटी लसणाची पात. मांस परत घाल, मीठ घाल, उतरव. कढईत गर्दी झाली की पाणी सुटतं, आणि पाणी सुटलं की ते परतणं राहत नाही, उकडणं होतं. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं म्हणून हे सांगत नाही. डोळे उघडे ठेवणाऱ्या कुणालाही ते दिसतं.

एकदा करून बघ आणि कळव. रडगाणं थोडक्यात लिही. रशीदला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहेच, तो दरवेळी लिहिणार नाही.

हावीझा

तोकमाकजवळून,
२२ जानेवारी

ती. आत्यास,
सलाम व सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं अक्षरशः केलं. कढईतून उतरवलं तेव्हा मांसाला रंग आला होता, मिरची दाताखाली कुरकुरत होती. रशीदने दोन तुकडे पळवले आणि आईला सांगू नकोस म्हणाला. मी मनातल्या मनात बसचं तिकीटही काढून टाकलं.

मग सासूबाईंनी वाडगा कांगच्या उबदार ओट्यावरच्या बैठ्या मेजावर नेला, वर ताटली झाकली आणि मामंजींना बोलवायला रशीदला पाठवलं. मामंजी फाटकाशी शेजाऱ्याबरोबर लसणाच्या भावावर बोलत होते. आलो आलो म्हणाले. मग गाईकडे डोकावले. मग गाईला पाणी का नाही म्हणून रशीदला बोलले. मग हात धुतले. हे रोजचंच आहे. ताटली उचलली तर तिच्याखालून पाणी ओघळलं. पात शेवाळासारखी झाली होती. मामंजींनी पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा तिकडेच बघितलं. सासूबाई मान खाली घालून पाव मोडत राहिल्या.

झाकलं नाही तर गार होतं, झाकलं तर घामेजतं. अन्न मांडल्याशिवाय मामंजींना बोलवायचं नाही, ही त्यांच्या आईपासूनची रीत आहे. कर्त्या माणसाला रिकाम्या मेजापुढे बसवणं म्हणजे त्याचा अपमान. येत्या रविवारी धाकटे काका जेवायला येणार आहेत. सासूबाई म्हणतात, त्या दिवशी जमलं तर ठीक, नाहीतर महाविद्यालयाचं नाव काढायचं नाही. हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. उत्तरही त्याच्याचकडे दे.

तुझी,
आयशेर

काराकोल,
२४ जानेवारी

चि. आयशेरस आशीर्वाद.

ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवतो आहे, तेव्हा मोजकं लिहिते.

तुझ्या हाताला आता काही झालेलं नाही. झालं आहे ते मामंजींच्या येण्याला. रविवारी सगळं चिरून, कोरडं करून, हाताशी मांडून ठेव. चूल पेटलेली असू दे, कढई रिकामी. मामंजी कांगवर चढून नीट बसले, हे डोळ्यांनी बघ आणि मग तेल घाल. त्यांचं बोलून होईपर्यंत वाडगा समोर येईल.

रीत मोडते आहे, हे मला कळतं. मीही अशाच घरात वाढले. पण ज्या अन्नाला थांबता येत नाही, त्याच्यासाठी माणसानेच थांबायला हवं. सासूबाईंना आधी विचारू नकोस. विचारलंस तर त्यांना नाही म्हणावं लागेल, आणि मग तुलाही ते मोडता येणार नाही. नंतर रागावल्या तर उलट बोलू नकोस.

जागा गेली तर पुन्हा मिळणार नाही. पाहुण्यांसमोर लाज वाटेल. वाटू दे.

हावीझा

तोकमाकजवळून,
२९ जानेवारी

श्रीमती हावीझाबाई, विहीणबाई यांस,
सारियाचा सलाम व स. न. वि. वि.

आपला पत्रव्यवहार सहसा होत नाही. आज लिहिण्याचं कारण तुमची भाची.

काल दुपारी माझे दीर आमच्याकडे जेवायला होते. मुलीने मला सांगितलं, सगळं तयार आहे, मामंजींना बोलवा. मी बोलवलं. दोघे भाऊ येऊन बसले. मेजावर पावांखेरीज काही नव्हतं. यांनी मेजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घरात कुणी गेलं आहे का, चूल पेटली नाही ती, असं विचारलं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, तर आत कढईतून धूर येत होता आणि ही मान न वळवता म्हणाली, सासूबाई, नंतर रागवा, आता वाडगा धरा.

मी वाडगा धरला. दुसरं काय करणार.

मेजावर ठेवला तेव्हा मांस अजून चुरचुरत होतं. हे उठायच्या बेतात होते, ते बसले. खाल्लं. काड्या पुन्हा वाडग्याकडे गेल्या. दीर म्हणाले, दादा, या घरात जे तीस वर्षांत जमलं नाही ते सुनेच्या हाताला जमलं. आणि यांनी मान डोलावली.

विहीणबाई, मुलीला काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. ते सगळं यांच्यावरच खर्च झालं. मी म्हटलं, माझंही मांस कढईतून असंच उतरत होतं. ते तुम्ही एकदा तरी येऊन बघितलंत का? इतकी वर्षं चूक माझ्या हाताची होती की तुमच्या पायांची, तेवढं भावासमोर सांगा. दीर चहा मागू लागले. हे म्हणाले, आणखी आहे का. मी म्हटलं, आहे, पण ते कढईतच आहे आणि तुम्ही उठलात तर तिथेच राहील. बसून राहिले.

आता अटीचं. मामंजी येतील तेव्हा जेवण मांडलेलं हवं, अशी माझी अट होती. त्या हिशेबाने मुलगी नापास झाली. पण अट माझी होती, ती मी मागे घेतली आहे. येत्या सोमवारपासून ती बिश्केकला जाईल. चिरून ठेवायचं काम मी करीन, परतणं ती करील, आणि तिची बस रस्त्यावर दिसली की हे हात धुऊन बसतील. यांना तसं सांगून झालं आहे. काल संध्याकाळी बस दिसण्याआधीच बसले होते. रविवारी ती बसने येत नाही, हे मीही सांगितलं नाही.

हे सगळं तिला एकटीला सुचलेलं नाही, एवढं मला समजतं. इथली काळजी करू नये, आमच्यावरची माया अशीच असू द्यावी, आणि यापुढे या घरासाठी काही सुचवायचं असेल तर सरळ मला लिहावं.

आपली,
सारिया