दवाखान्याभोवतीचं वर्तुळ

सोम., ३ फेब्रु.
दिवसभर दुकानात माशा मारल्या. समोरच्या दिलीपकडे रीघ. अंत्यविधीच्या सामानाला रीघ, काय दिवस आले! सचिन म्हणाला, "बाबा, त्यो मोबाईलवर जाहिरात टाकतोय की. स्मशानाजवळ आलं की फोनवर त्याचंच दुकान दिसतंय." माझ्या बोर्डाखाली उभ्या माणसालाही! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला 'या' म्हणत नाहीत. तसं पोराला म्हटलं, तर म्हणतो, "मग बसा गप."

गुरु., ६ फेब्रु.
जुळे सोलापुरातून बहिणीचा, शालनचा फोन. दाजींना मोठ्या दवाखान्यात ठेवलंय. फुप्फुसात पुन्हा पाणी. आजाऱ्याला भेटायला आम्ही जात नाही, वडिलांपासूनचं. आम्ही वॉर्डात दिसलो की लोकांच्या पोटात गोळा येतो. शालनच म्हणाली, "नको येऊ अण्णा, फोन कर तेवढा." करतोय रोज.

शनि., ८ फेब्रु.
धंदा बसत चाललाय. शेवटी सचिनला म्हटलं, टाक आपलीही जाहिरात. त्यानं नकाशा उघडून विचारलं, कुठं दाखवायची? मीच मोठ्या दवाखान्यावर बोट ठेवलं. दिलीपच्या आधी तिथंच गाठू. त्यानं भोवती वर्तुळ काढलं; आत येईल त्याच्या फोनवर आम्ही. माझा फोटो, दुकानाचं नाव, 'सर्व साहित्य त्वरित घरपोच'.

सोम., १० फेब्रु.
सकाळपासून फोन. दिलीप शटरला टेकून बघत होता. लई बरं वाटलं.

मंगळ., ११ फेब्रु.
शालन. आधी नुसतं रडणं. मग, "अण्णा, तुज्या दुकानाची जाहिरात ह्यांच्या फोनवर आली." दाजी क्रिकेट बघत होते. माझा फोटो बघून म्हणाले, "तुजा भाऊ भेटाय आला बघ." जेवलेच नाहीत मग.
दवाखान्यात जिवंत माणसंच जास्त असतात, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?
"कुणाचं डोस्कं हे?" तिनं विचारलं.
मी सचिनचं नाव घेतलं.

बुध., १२ फेब्रु.
जाहिरात काढली. शालन फोन उचलत नाही.

शुक्र., १४ फेब्रु.
दाजी पहाटे गेले. सगळं सामान काढून वाट बघत बसलो. शालनचा विजय आला तो थेट दिलीपच्या दुकानात चढला. दिलीपनंच माझ्याकडे हात करून काहीतरी सांगितलं त्याला. पोरानं नकाराची मान हलवली. भाच्यानं मामाकडे पाठ करून मडकं घेतलं.
स्मशानात मागं उभा राहिलो.

मंगळ., २५ फेब्रु.
उद्या तेरावा. माहेरची साडी भावानंच न्यायची. आणून ठेवली आहे. सचिनला म्हटलं, चल बरोबर. तो जेवता जेवता थांबला.
"आत्या मला दारात उभं करंना. म्हणती, तू मारलंस त्यांना."
मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.
"दवाखान्यावर बोट तुम्ही ठेवलं, हे उद्या सांगणार का तिला, बाबा?"
सांगतो म्हटलंय. पण विजयच्या, सगळ्या पाहुण्यांच्या देखत... आणि नाही सांगितलं, तर सचिन...