ताईला नाही म्हणताना

४ मार्च

चि. बारक्यास,
ताईचे अ. उ. आ.

परसातल्या पपनसाला यंदा पहिल्यांदाच फळ धरलंय, आणि नुसतं लगडलंय. मागची टोपली संपली असेल म्हणून आणखी एक पाठवतेय. तुझी बायको फोनवर म्हणाली की तू रोज न चुकता खातोस. ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. दुकानात शिवायला शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आलेत, पाय ठेवायला जागा नाही. तुझ्या टोमॅटोंचं काय चाललंय? एवढा शिकलास आणि शेवटी भाजीवालाच झालास! तब्येत खरी खरी कळव. माझं मूत्रपिंड नीट वागतंय ना, की माझ्यासारखंच हट्टी निघालं?

लोभ आधीपासून आहेच, आता तर अवयवासकट आहे. तो तसाच असू दे.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

टोपली पोचली. आता भाजीवाल्याचं ऐक. प्रयोगशाळेच्या काचघरातली माझी काही टोमॅटोची रोपं उभीच राहत नाहीत. जमिनीवर सरपटतात, मुळांना फाटे फुटत नाहीत. त्यांच्यातलं एक सायक्लोफिलिन बिघडलेलं आहे. हे पेशीतलं प्रथिन. नव्या प्रथिनांच्या साखळीत काही वळणं अडून बसतात, ती हे झटकन वळवून देतं. तू कॉलरचं टोक सुईने बाहेर काढतेस ना, तसं. जिवाणू, बुरशी, झाडं, माणसं, जवळपास सगळ्यांत त्याचे भाऊबंद सापडतात. माशीच्या डोळ्यातलं एक नसेल, तर प्रकाश टिपणारं प्रथिन जागेवरच पोचत नाही. एवढं गुणी, तरी काही विषाणू त्यालाच आपल्या कामाला जुंपतात.

माझी रोजची गोळी, सायक्लोस्पोरिन, ही मूळची बुरशीतली. ती माझ्या सायक्लोफिलिनला चिकटते आणि दोघं मिळून संरक्षक पेशींची धोक्याची हाकाटी दाबतात. म्हणून तर तुझ्या मूत्रपिंडाला माझ्या अंगात कुणी परकं म्हणून हाकलत नाही.

खरं विचारलंस म्हणून लिहितो. हात थरथरतात. रक्ताचा अहवाल बिघडलाय. माझं शरीर ते नाकारत असावं, अशी डॉक्टरांना शंका आहे. तू पोट कापून दिलंस आणि माझ्या अंगाला त्याची किंमत नाही. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

माया पातळ करू नकोस.
बारक्या

१८ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. लाज तुला कशाला? दोष माझ्याच मालात असणार. इतकी वर्षं वापरलेलं दिलं, त्याची हमी कोण देणार? कपडा विटका निघाला तर गिऱ्हाईकाला बदलून देते. इथे बदलून काय देऊ, माझ्याकडे एकच उरलंय. मीच तुला फसवलं असं सारखं वाटतं. पुढची तपासणी झाली की लगेच लिही. आणि खाणं सोडू नकोस.

तुझीच, अपराधी
ताई

२७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सुईने मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला. तुझ्या मूत्रपिंडात खोट नाही, आणि शरीर ते नाकारतही नाही. औषधच रक्तात फार वाढलं होतं. ते अति झालं, की ज्याला सांभाळायचं त्याच मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतं.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं. मी पोळी-भाजीचंच सांगत राहिलो. शेवटी बायकोनेच पपनसाचं सांगून टाकलं. आतड्यात औषध मोडून टाकणारं जे असतं, त्यालाच पपनस अडवतं, म्हणून औषध रक्तात साचत गेलं. ताई, मला हे ठाऊक होतं. या जातीची फळं वर्ज्य, हे मला बजावून सांगितलेलं आहे. पण कागदात एकेक गुंडाळलेली तुझी फळं बघितली की वाटायचं, जिने मूत्रपिंड दिलं तिच्या फळाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तुझ्या मनाला लागू नये म्हणून तुझंच मूत्रपिंड झिजवत बसलो.

थोडं नुकसान कायमचं आहे. उरलेलं टिकेल म्हणतात.

क्षमा मागत नाही, मागायला धजत नाही.
बारक्या

३ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद नंतर. आधी राग.

माझ्या हाताने स्वतःला अपाय करवून घेतलास! कुऱ्हाड घेऊन झाडापाशी गेले होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली की बिचाऱ्या झाडाने कुणाला आग्रह केला होता? आग्रह मी केला. तो माझ्या मनातून जात नाही.

पण एक सांग. लहानपणी पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूसाठी तू माझे केस उपटायचास. ऑपरेशन झाल्यापासून मात्र एकदाही भांडला नाहीस. मी म्हणेन ते बरोबर, मी देईन ते गोड. एक अवयव देऊन मी माझा भाऊ घालवला की काय?

पुढच्या आठवड्यात येतेय. महिनाभर राहीन. तुमचं स्वयंपाकघर आता मीच बघणार.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस,

येऊ नकोस.

एवढं लिहिलं आणि उठून खोलीत एक चक्कर मारली. तरी खोडत नाही. ऐन गणवेशांच्या दिवसांत दुकानाला कुलूप लावून तू इथे माझ्या बायकोचं स्वयंपाकघर ताब्यात घेणार, हे मला चालणार नाही. शाळा सुरू होऊन गर्दी ओसरली की ये. पाहुणी म्हणून ये, आणि बसून खा.

फळ बंद झाल्यापासून औषध आटोक्यात आलंय, थरथर कमी आहे. अपराधी वाटणं काही कमी नाही, त्यावर गोळी नाही.

आणि गेल्या वाढदिवसाला शिवून पाठवलास तो हिरवा शर्ट भयंकर आहे. दोन्ही खिसे एकाच बाजूला कोण लावतं? एकदाच घातला, तर ऑफिसातल्या शिपायाने हळूच विचारलं की साहेब, उलटा तर नाही ना घातलात?

राग आला असेल तर झणझणीत उत्तर पाठव. वाट बघतोय.

लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, भांडण सोडू नकोस.
तुझा
बारक्या