पहिल्या स्क्रूचा मुहूर्त

२७ मे
आमचा क्लब लाओसमधल्या ज्या शाळेला छप्पर देतोय, तिचे पत्रे तिकडे पोचले. गावच्या विहाराच्या आवारात रचून ठेवलेत. स्क्रूही पोचले. ते आमच्या अध्यक्षांच्या कारखान्यातले. क्लबात प्रत्येकाला धंद्यावरून नाव पडतं, त्यामुळे अध्यक्ष म्हणजे स्क्रूदादा. मी इमारतींचा इंजिनिअर, म्हणून बीम.
शाळेचं गळकं छप्पर मी गेल्याच आठवड्यात उतरवून घ्यायला सांगितलं. आधी मोडलं की बांधायची निकड भासते, हा माझा अनुभव. मुख्याध्यापिका विलायवानबाई कुनमिंगला शिकलेल्या, चिनी उत्तम बोलतात. फोनवर जरा का-कू करत होत्या. मी शब्द दिला : सप्टेंबरात शाळा उघडेल ती नव्या छपराखालीच.
आता उरलं काय? आम्ही जायचं, स्क्रूदादांनी पहिला स्क्रू पिळायचा, फोटो काढायचा. बाकीचे गावकरी पिळतील.

३ जून
मुहूर्त हवा, असं क्लबात ठरलं. माझा आमच्या चिनी पंचांगावर विश्वास नाही. पण देणगीदारांच्या भावना हाही एक भारच, आणि भार पेलणं हे माझं शिक्षण. त्साई गुरुजींकडे गेलो. त्यांनी १२ जून काढून दिला. दहा मिनिटांत काम. लोक उगाच बाऊ करतात.

४ जून
पंचांगात प्रत्येक वर्ष एकेका प्राण्याचं, आणि १२ तारीख सशाच्या वर्षी जन्मलेल्यांना मारक आहे. स्क्रूदादा ससा निघाले.

१० जून
गुरुजींकडून २० तारीख आणली. ती सशाला चालते, बैलाला मारक. माजी अध्यक्ष टाइलदादा बैल. पत्रे त्यांनी दिलेले. मटणाच्या हॉटेलात मीटिंग होती. टाइलदादा हाड चोखता चोखता म्हणाले, "म्हणजे माझे पत्रे चालतात, मी चालत नाही." स्क्रूदादा म्हणाले की तसं कोण म्हणतंय, तुम्ही त्या दिवशी पाठ फिरवून उभे राहा, तेवढ्यानं दोष जातो. यावर टाइलदादांनी खरोखरच पाठ फिरवली, ती मीटिंग संपेपर्यंत.
निश्चय : यापुढे गुरुजींकडे जाताना सगळ्यांची जन्मवर्षं घेऊन जायचं. हे आधीच का सुचलं नाही? पद्धतशीरपणात मी कमी पडलो, हे मान्य केलं पाहिजे. बाकी कशात नाही.

२९ जून
ससा आणि बैल दोघांना चालणाऱ्या दिवशी स्क्रूदादांच्या नातवाचं बारसं. त्यानंतरच्या दिवशी गुरुजींच्या मते छपराला हातच लावू नये, विहीर खणायला मात्र उत्तम. टाइलदादांनी विचारलं, मग विहीरच देऊ या का? ते चेष्टा करत होते की नाही, कळलं नाही.

८ जुलै
विलायवानबाईंचा व्हिडिओ कॉल. वर्गात गुडघ्याएवढं गवत. बाकं प्लास्टिकखाली. भिंतींच्या विटा ओल्या होऊन सुटायला लागल्या आहेत. पत्रे आम्हीच बसवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी समजावलं की पहिला स्क्रू अध्यक्षांचा असतो, तो मान आहे. तेवढ्यात फोन कट झाला. तिकडे नेटवर्क फार वाईट.

१९ जुलै
जमलं! १ ऑगस्ट. सशाला चालतो, बैलाला चालतो, छपराला सर्वोत्तम. तिकिटं काढली. बाईंना कळवलं. एखादा माणूस चिकाटीनं काय करू शकतो, याचा हा धडा आहे. क्लबाच्या मासिकासाठी लेख लिहावा म्हणतो.

२१ जुलै
लेखासाठी पंचांग चाळत होतो. १ ऑगस्ट ड्रॅगनला मारक आहे.
मी ड्रॅगन.

२२ जुलै
यिन-चूला सहज म्हणून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमचा कुठे विश्वास आहे? जा की." प्रश्न विश्वासाचा नाही, हे बायकोला समजावणं कठीण. पत्र्यांवर चढून तपासणी करणाऱ्याचं मन विचलित असू नये, हा सुरक्षेचा साधा नियम आहे. मी घाबरलोय का, असं स्वतःला अगदी प्रामाणिकपणे विचारलं. उत्तर : नाही. मान आखडल्ये, ती वेगळ्या कारणानं.

२४ जुलै
मोहीम पुढे ढकलायला लावली. कारण वादळाचं दिलं. हे खोटं नाही. या दिवसांत फिलिपिन्सच्या बाजूला कुठे ना कुठे वादळ असतंच. स्क्रूदादा म्हणाले, बीम सांगतो म्हणजे विचार करूनच सांगत असणार. जेवण गेलं नाही.

४ ऑगस्ट
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आजपासून भुतांचा महिना, महिनाभर ती खाली माणसांत फिरायला येतात. आमच्याकडे या महिन्यात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, विमानात बसणं तर दूरच. आता थेट सप्टेंबर. आकाश निरभ्र. वादळ जपानकडे गेलं.

१३ ऑगस्ट
बाईंचा फोन. शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते आहे. मी सांगितलं की भुतं एकदा परत गेली की आम्ही लगेच येतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बीमसाहेब, भुतांना पाऊस लागत नाही. पोरांना लागतो."
मला वाईट वाटलं. म्हणजे त्यांच्या बोलण्याचं नव्हे. इतक्या शिकलेल्या बाई, पण दुसऱ्याच्या परंपरेविषयी आदर नाही.
पुन्हा वाचलं. वरचं वाक्य खोडावं का? राहू दे.

२ सप्टेंबर
सकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल. आधी नुसता धो धो आवाज, मला वाटलं फोन बिघडला. पत्र्यावर पाऊस पडत होता. खाली वर्ग भरलेला, सगळे कोरडे.
पत्रे गावकऱ्यांनीच बसवले, १८ ऑगस्टला. तोच दिवस का निवडला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, रविवार होता, सगळे मोकळे होते. फोन चालू असतानाच मी पंचांग उघडलं. १८ ऑगस्टपुढे लिहिलंय : सर्व कामांस वर्ज्य.
तुमच्या अध्यक्षांचा मान राखलाय, असं म्हणून बाईंनी फोन वर वळवला. कोपऱ्यात एका स्क्रूचं भोक मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. त्यातून धार लागली होती. खाली बादली.
"सवडीनं या," त्या म्हणाल्या.
स्क्रूदादांना कळवलं. त्यांना गहिवरून आलं. म्हणाले, दिवस मात्र या वेळी नीट बघ.
बादली भरली की कोण ओतून येतं, ते विचारायचं राहिलं.