स्टोअर्समध्ये कॉम्प्युटर येणार

६ जानेवारी १९९२, सोमवार
आमच्या स्टोअर्समध्ये कॉम्प्युटर येणार. ज्याला चालवता येईल तो अंबरनाथला राहणार, बाकीचे वांगणीच्या नव्या गोडाउनला, रोज कर्जत गाडीने. साहेबांनी विचारलं, कुणाला येतो? मी हात वर केला. तसा येत नाही, पण येईल. इतकी वर्षं स्टोअर्स सांभाळलं, त्यापुढे हे काय. घरी बायकोला, उमाला सांगितलं, माझं दुपारी घरी येऊन जेवणं चालूच राहील. तिला बरं वाटलं.

१३ जानेवारी
क्लास लावला. उल्हासनगर, कॅम्प तीन, जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालच्या मशिनी सुरू झाल्या की टेबल थरथरतं. शिकवायला नीलिमा मॅडम, मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, आधी प्रोग्राम लिहायचा, मग कंपाइल करायचा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचा, मग रन. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. केला. उत्तर आलं, 'बॅड कमांड'. भाषा उद्धट आहे. उद्यापासून पहाटे सराव.

१४ जानेवारी, पहाट
उठलो. घरी कॉम्प्युटर नाही. परत झोपलो.

२ फेब्रुवारी, रविवार
पडद्यावर 'नमस्कार' उमटवायचा प्रोग्राम. एक सेमीकोलन राहिला तर चुकांनी पडदा भरला. म्हटलं, माणसाने समजून घेतलं असतं. मॅडम म्हणाल्या, "काका, लिहिलंय तेवढंच कळतं त्याला. मनातलं नाही." हुशार आहेत, पण अनुभव कमी. डोकं दुखतंय. हा आठवडा क्लासला सुट्टी.

२० फेब्रुवारी
चालला! 'नमस्कार' आला. मॅडम शेजारी बसून सांगत होत्या, पण बोटं माझीच.
स्टोअर्समधला हरिचंद्रही क्लासचं विचारत होता. त्याला म्हटलं, या वयात झेपणार नाही. माझ्याहून लहान आहे, पण प्रत्येकाची कुवत असते.

३ मार्च
उद्या साहेबांसमोर. मॅडम म्हणाल्या, ऑफिसच्या मशीनवर कंपाइलर नसेल, कंपाइल झालेली फाइलच फ्लॉपीवर न्या. मी फक्त लिहिलेला प्रोग्राम घेतला. कंपाइल तिथेच करून दाखवणार. त्याशिवाय छाप पडत नाही.

४ मार्च
बॅड कमांड.
पुन्हा टाइप केलं. बॅड कमांड. साहेबांनी विचारलं, चाललं असतं तर काय दिसलं असतं? म्हटलं, नमस्कार. ते म्हणाले, "तो तर तुम्ही रोज सकाळी करताच, श्यामकांत."
मशीनमध्येच दोष असावा.

६ मार्च
कॉम्प्युटरवर बाहेरचा माणूस घेणार. आम्ही सगळे वांगणीला, मी आणि हरिचंद्रही. तो चिडला नाही. गेटपाशी थांबून म्हणाला, "तुम्ही बोललात झेपणार नाय, म्हणून मी क्लास लावला नाय." त्याने सायकल काढली, गेला.
घरी सांगितलं. उमाने भाजी परतता परतता एवढंच विचारलं, सकाळची कर्जत गाडी किती वाजता असते.
माहीत नाही, म्हणालो.